चार शब्द बोलायला काय जाते?

नायक-नायिकांनी एकमेकांशी सरळ बोलायचेच नाही, असा अलिखित करार प्रेमकथालेखकांमध्ये झाला आहे की काय, अशी शंका मला आता प्रत्येक नव्या कादंबरीच्या मध्यावर येते. नायिका दाराआडून अर्धे वाक्य ऐकते, त्यावरून माणसाची पारख करते आणि पुढची दोनशे पाने आपण तिचे उसासे मोजत बसायचे. अद्भुतकथांत तर हे असह्य होते, कारण तिथला नायक पाचशे वर्षांचा असतो, त्याला ड्रॅगनची भाषा येते, इतरांच्या मनातलेही कळते. मात्र 'ती माझी बहीण आहे' हे चार शब्द त्याच्या तोंडून शेवटच्या प्रकरणापर्यंत फुटत नाहीत. (मन वाचणाऱ्याच्या घरी गैरसमज शिरतोच कसा, हे विचारायचे नसते.) आमच्या नागपुरात माणूस 'काऊन बे, काय भानगड आहे?' असे तोंडावर विचारून मोकळा होतो.

जेन ऑस्टेनने १८१३ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत नायक डार्सीला साधारण मध्यावरच गैरसमज दूर करणारे सविस्तर पत्र लिहायला लावले, आणि खरी रंगत त्यानंतरच वाढते, कारण नायिका एलिझाबेथला स्वतःचीच मते तपासावी लागतात. आजच्या लेखकांना तेवढा धीर नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना, कूलरसमोर बसून सहाशे पाने नेटाने संपवावीत, तर गैरसमज जिथल्या तिथे ठेवून 'उर्वरित कथा पुढील भागात' अशी आपली बोळवण होते, आणि तो भाग मी मुकाट्याने विकत घ्यावा अशी अपेक्षाही असते!