एक सेटलर, एक वॉरियर आणि मी

'सिव्हिलायझेशन' या संगणकावरच्या राज्य उभारायच्या खेळाच्या सहाव्या भागात काठिण्यपातळ्या आठ आहेत. सेटलर, चीफटन, वॉरलॉर्ड, प्रिन्स, किंग, एम्परर, इमॉर्टल आणि सगळ्यांच्या डोक्यावर डेइटी. यातली चौथी, म्हणजे प्रिन्स, ही न्यायाची पायरी. तिथं संगणकाला सवलत नाही आणि तुम्हालाही नाही. प्रत्येकाला एक सेटलर (म्हणजे नवं शहर वसवणारी टोळी), एक वॉरियर (म्हणजे सोटेवाला सैनिक) आणि समोर मोकळा मुलूख. ज्याच्यात धमक असेल त्यानं राज्य उभं करावं. शहाण्या माणसानं तिथंच थांबून आयुष्यभर सुखानं जग जिंकत राहावं. पण 'प्रिन्सवर जिंकलो' हे वाक्य या खेळाच्या शौकिनांत मोठ्यानं बोलायची सोय नाही. 'अच्छा, प्रिन्सवर का,' एवढंच समोरचा म्हणतो आणि पावसापाण्याचा विषय काढतो.

मग माणूस चढत जातो. किंगवर जरा दम लागतो, एम्पररवर जेवणाची वेळ पुढं सरकते, इमॉर्टलवर घरातले आपल्याशी कमी बोलू लागतात. डेइटीवर पोचेपर्यंत ते आपल्याला वगळून सहलीचे बेत आखायला शिकलेले असतात.

१९९१ साली पहिला भाग आला तेव्हा पायऱ्या पाचच होत्या आणि एम्परर ही शेवटची. १९९६च्या दुसऱ्या भागात तिच्यावर डेइटी बसवली. तिसऱ्या भागाच्या 'काँक्वेस्ट्स' या पुरवणीत तर डेइटीच्याही वर एक पायरी निघाली, तिचं नाव 'सिड'. सिड म्हणजे सिड मायर, या खेळाचे मूळ कर्ते. देवाच्या वर प्रोग्रामर, असा क्रम फक्त सॉफ्टवेअरवालेच लावू जाणे. (आमच्या सोसायटीत निम्मे सॉफ्टवेअरवाले आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.)

आता ही डेइटी कठीण म्हणजे नेमकी कशानं? बुद्धिबळाच्या ॲपवर पातळी वाढवली की संगणक आणखी पुढच्या चाली बघू लागतो, म्हणजे खरोखरच चांगला खेळतो. इथं तसलं काही नाही. डोकं प्रिन्सवर होतं तेच. बदलतं ते गाठोडं. तुम्ही एक सेटलर आणि एक वॉरियर घेऊन उघड्या माळावर उभे असता, आणि संगणकाचा प्रत्येक राजा तीन सेटलर आणि पाच वॉरियर घेऊन जन्माला येतो. तुमची पहिली झोपडी उभी राहते तेव्हा त्याची तीन गावं वसायला निघालेली असतात. वर त्याला उत्पादन आणि सोनं ८० टक्के जादा. विज्ञान, संस्कृती आणि श्रद्धा ३२ टक्के जादा. शिवाय लढाईत त्याच्या प्रत्येक तुकडीला चार गुण फुकट. तुमच्या वॉरियरचं बळ २०, त्याच्या वॉरियरचं २४. तोच सोटा, तेच उघडं अंग.

हुशार माणसाकडून हरलं तर निदान शिकायला मिळतं. इथं आपण हरतो ते एका ठार मठ्ठ पण खानदानी श्रीमंताकडून. तो आपला सेटलर एकटाच जंगलात पाठवतो, तोफा पायदळाच्या पुढं उभ्या करतो, वाळवंटाच्या कडेला शहर वसवतो आणि तरीही आपण धनुष्यबाण शोधत असताना त्याच्याकडं घोडदळ असतं.

पहिला अर्धा तास राजधानी कुठं वसवायची यातच जातो. सुरुवातीच्या ७५ टर्नमध्ये एक टर्न, म्हणजे एक खेळी, चाळीस वर्षांची. नदीकाठ हवा, शक्यतो टेकडी हवी, जवळ दगड हवा, जंगल हवं. नकाशावरच्या चौकटींची दोन घरं पलीकडं जास्त चांगली जागा दिसते, पण तिथं जाईतो ८० वर्षं फुकट जाणार. शेवटी मी नदीला लागूनच शहर वसवतो, कारण गोड्या पाण्यावाचून वस्ती वाढत नाही. हे बायकोला कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, "फ्लॅट घेताना एवढं पाणी बघितलं असतंस तर आज टँकर आला नसता."

मुलाला हा खेळच पटत नाही. त्याच्या खेळात दर सेकंदाला कुणीतरी मरतं. "बाबा, यात काही हलतच नाही," असं तो म्हणतो आणि त्याचं बरोबर आहे. टर्न-बेस्ड खेळात मी बटण दाबेपर्यंत जग थांबतं. वेशीबाहेर अलेक्झांडर सैन्य घेऊन उभा असतो, तेवढ्यात गॅसचा सिलिंडर येतो. मी पैसे देतो, पावती घेतो, गळतीबिळती तपासतो, परत येतो. अलेक्झांडर तिथंच. एवढी सभ्यता मी दुसऱ्या कुठल्याही शत्रूत पाहिलेली नाही. तोटा एकच, की हरल्यावर 'घाई झाली हो' म्हणायची सोय उरत नाही.

पण अलेक्झांडर पुढचा. आधी येतात रानटी टोळ्या. त्यांचा एक टेहळ्या येतो, आपलं शहर बघतो, त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं आणि तो तळाकडं पळत सुटतो. तो पोचला की तिथून झुंड निघणार. म्हणून माझा एकुलता एक वॉरियर त्याच्या मागं. टेहळ्या एका टर्नमध्ये तीन घरं चालतो, वॉरियर दोन. हे गणित चौथीतलं पोर सोडवेल, पण जिवाच्या आकांतानं धावणाऱ्याला ते सुचत नाही. राजधानी उघडी टाकून इतिहासपूर्व काळातली दोन-तीन शतकं मी त्या उद्गारचिन्हामागं घालवतो.

यातून वाचलं की शेजारी भेटू लागतात, आणि डेइटीचा खरा अभ्यासक्रम इथं सुरू होतो. राजा म्हणून खेळायला बसलेला माणूस इथून पुढं हरकाम्या होतो. ओळख झाल्या झाल्या २५ सोनं खर्चून शिष्टमंडळ पाठवायचं, कारण उशीर झाला तर ते घेतीलच याची खात्री नाही. मग प्रत्येकाची मर्जी सांभाळायची. या खेळात प्रत्येक राजाला एक हट्ट जन्मजात दिलेला आहे, आणि सगळे मिळून लग्नघरातल्या वरपक्षासारखे वागतात. नॉर्वेच्या हॅराल्डला मोठं आरमार असलेली माणसं आवडतात. माझं राज्य चारी बाजूंनी डोंगरात, समुद्र मी फक्त ऐकून आहे, पण तो दर थोड्या काळानं येऊन माझ्या आरमाराची कीव करून जातो. मानपानाच्या यादीत जहाजं राहिली म्हणे. ॲझ्टेकांच्या मॉक्टेझुमाला त्याच्याकडं नसलेली चैनीची वस्तू तुमच्याकडं असली की राग येतो. चीनच्या चिन शी हुआंगला तुम्ही एखादं जागतिक आश्चर्य बांधलेलं खपत नाही. स्पार्टाच्या गॉर्गोला, तह करताना तुम्ही काही देऊन सुटलात की तुमची किळस येते. अलेक्झांडरला शांततेत बसलेला माणूस बघवत नाही. तुम्ही त्याच्याशी सोडून इतर कुणाशीही भांडत असावं एवढीच त्याची अपेक्षा. आणि काँगोचा म्व्हेम्बा रुसतो तो तुम्ही धर्म स्थापन करून त्याच्या गावात प्रचारक पाठवले नाहीत म्हणून! घरी येऊन धर्मांतर करत नाही अशी तक्रार करणारा यजमान जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. एकटा सुमेरचा गिल्गमेश तेवढा गुणी. त्याच्याशी गोड बोललं की झालं. तो शेजारी मिळाला की मी डाव अर्धा जिंकला समजतो.

या सगळ्यांकडं सवलतीचं सोनं नुसतं साचत असतं, त्यामुळे डेइटीवर तग धरायचा राजमार्ग म्हणजे त्यांना काहीतरी विकत राहणं. दुसरं मीठ, तिसरी द्राक्षं, माझ्या हद्दीतून जायची परवानगी, जे असेल ते. घोडेसुद्धा. एकदा मी शेजाऱ्याला घोडे विकले, त्या पैशांतून सेटलर विकत घेतला, तो सेटलर नव्या जागी पोचतो न पोचतो तोच शेजारी त्याच घोड्यांवर बसून हजर. व्यवहार म्हणून पाहिलं तर दोन्ही बाजूंनी मालाचा पुरेपूर वापर झाला.

आश्चर्यं बांधायची हौस मात्र इथं धरू नये. स्टोनहेंज मनात यायच्या आत कुणीतरी उभं केलेलं असतं. पिरॅमिडचा पाया खणला की दूर कुठल्यातरी देशात ते पूर्ण झाल्याची वर्दी येते, वर ते कसं सुंदर उभं राहिलं याची झलकही. रात्री एक वाजता दुसऱ्याचं बांधकाम बघत बसण्याइतकं नामुष्कीचं फार थोडं असतं.

लढाईचं तंत्र तेवढं आपल्या मातीतलं वाटतं. परवाच्या डावात शेजारी चंद्रगुप्त निघाला. २०१८च्या पुरवणीत तो आला, तेव्हा आपला माणूस म्हणून मला कोण आनंद झाला होता. पण त्याला त्याच्या सीमेजवळ कुणाचं शहर असलेलं आवडत नाही, त्याच्या अंगच्या खास गुणाचं नावच 'अर्थशास्त्र', आणि मुलूख वाढवायचं युद्ध पुकारलं की पहिल्या दहा टर्न त्याचं सैन्य जास्त चालतं आणि जास्त जोरानं मारतं. शिवाय हत्ती. त्याचे वरू हत्ती नुसते शेजारी येऊन उभे राहिले तरी आपल्या सैनिकाचं बळ पाचानं घटतं. माझ्याकडं खिंडीच्या तोंडाशी टेकडीवरचं एक गाव, गावाला तट आणि आत-मागं मोजके तिरंदाज.

समोरून हत्ती, पायदळ, पुन्हा हत्ती अशी रांग आली आणि खिंडीत अडकली, कारण एका घरात एकच तुकडी मावते. पुढचे मागं सरकेनात, मागचे पुढं येईनात. तट फोडायला ओंडका लागतो, तो आणायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. संगणकाच्या सहसा राहत नाही. मी टेकडीवरून दोन घरांवर बाण सोडत राहिलो, घायाळ तिरंदाज मागं घ्यायचा, ताजा पुढं काढायचा. सह्याद्रीच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कुणाला 'ये, ये, अजून ये' म्हणतोयस रे?" चंद्रगुप्ताला म्हणतोय हे सांगणं अवघड होतं.

जाता जाता गांधीजींचं. या खेळातले गांधीजी अणुबॉम्ब टाकतात ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. पहिल्या भागात त्यांचा आक्रमकपणा एकवरून खाली जाताना आकडा उलटला आणि थेट २५५ झाला, असं सांगतात. असा काही दोष नव्हताच, हे सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींत स्पष्ट केलं. पण गंमत म्हणून पाचव्या भागात त्यांची अणुबॉम्बची आवड दहापैकी १२ ठेवली गेली. तेव्हा दंतकथा खोटी, बॉम्ब खरा. डेइटीवर गांधीजी शेजारी आले की मी चरख्याकडं न बघता युरेनियमच्या खाणी मोजतो.

आता एक गोष्ट शौकिनांना न आवडणारी. डेइटी कठीण आहे ती पहिल्या शंभरेक टर्न. तेवढ्यात तुम्ही मेला नाहीत, की तो मठ्ठपणा हळूहळू गाठोडं खाऊन टाकतो. त्याची शहरं फोफावत नाहीत, सैन्य नुसतं गोल फिरतं, आणि एका टर्नला लक्षात येतं की विज्ञानात आपण पुढं गेलो. इथं खेळ खरं तर संपतो. उरते ती कारकुनी. वीस शहरांना रोज 'आता काय बांधू?' याचं उत्तर द्यायचं. गटार बांध. विद्यापीठ बांध. व्यापारी तिकडं पाठव. आणि प्रत्येक टर्नला बाकीच्या राजांची हलवाहलव संपायची वाट बघायची. महापालिकेत नोकरीला असतो तर याचे पगार मिळाले असते.

परवा मात्र शेवटपर्यंत रेटलं. उपग्रह सोडला, माणूस चंद्रावर उतरवला, मंगळावर वस्ती केली आणि दूरच्या ग्रहाकडं यान पाठवलं. ते अंतर ५० प्रकाशवर्षांचं, आणि यान मुळात एका टर्नला एक प्रकाशवर्ष जातं. लेझर केंद्रं बांधून त्याचा वेग वाढवता येतो, म्हणून सगळी शहरं मी त्याच कामाला जुंपली. यान जवळ जवळ पोचलं होतं. कुणाशी वैर उरलं नव्हतं, चंद्रगुप्तसुद्धा हत्तींसह घरी बसला होता. मी निवांतपणे टर्न दाबली, आणि पडद्यावर म्व्हेम्बा आला. काँगोत जगभरातून इतके पर्यटक लोटले होते की तो सांस्कृतिक विजय मिळवून मोकळा झाला होता. त्यात माझ्या राज्यातले लोकही होते. मी यानाकडं बघत असताना ते सहकुटुंब काँगोतल्या मूर्ती बघायला गेले होते.

मी लॅपटॉप मिटला. आई पाणी प्यायला उठली होती.

"संपला का रे खेळ? कोण जिंकलं?"

"काँगो."

"चांगला खेळला का?"

"खेळला कसला. घरचं बरं आहे त्याचं."