हायब्रिडचं पेटंट एकट्या टोयोटाचं नाही

‘हायब्रिडचं पेटंट टोयोटाकडे आहे. बाकीच्यांनी ते चोरलं, म्हणून पार्ट सारखे दिसतात. बाहेरच्या मेकॅनिकनं हात लावला तर केस होते.’ सोलापुरातल्या गॅरेजवाल्यांत हा मेसेज जोरात फिरतोय. होटगी रोडवरच्या एका पोरानं त्याच भीतीनं दारात आलेली गाडी परत पाठवली, म्हणून लिहितोय.

‘हायब्रिड’, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड, या कल्पनेचं पेटंट नसतं. ते मिळतं अर्जातल्या दाव्यांत, म्हणजे ‘माझा शोध नेमका एवढा’ असं सांगणाऱ्या कलमांत, मांडलेल्या रचनेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी टॉवेलच्या मागावर धोटा फेकायची नवी रचना शोधली, तर पेटंट त्या रचनेचं. टॉवेल विणण्याचं नव्हे. टोयोटाच्या 1997 च्या प्रियसमध्ये प्लॅनेटरी गिअर (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दातेरी चक्रांचा संच) इंजिनाची ताकद चाकं आणि जनरेटरमध्ये वाटून देतो. होंडानं 1999 च्या इनसाइटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पातळ मोटर बसवली. दोन्ही हायब्रिडच.

चोरीचं म्हणाल तर, फोर्डची एस्केप हायब्रिड 2004 ची, रचना प्रियसशी मिळतीजुळती. पण त्याच वर्षी दोघांनी एकमेकांना पेटंटं वापरायला दिली. मारुतीच्या ग्रँड व्हिटारातली स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या मोटरवर चालवू शकणारी) यंत्रणा खरोखर टोयोटाचीच आहे, तीही उघड भागीदारीतून आलेली.

आता मेसेजात नसलेली गोष्ट. टोयोटाच कोर्टात हरली आहे. अ‍ॅलेक्स सेव्हरिन्स्की या अभियंत्याला 1994 मध्ये अमेरिकेत हायब्रिड यंत्रणेचं पेटंट मिळालं. त्यांच्या पाइस कंपनीनं 2004 मध्ये टोयोटावर खटला भरला. ज्यूरीनं 2005 मध्ये म्हटलं, रचना शब्दशः तीच नाही, पण पेटंटच्या दाव्यातल्या रचनेशी समतुल्य आहे, म्हणून उल्लंघन झालं. कोर्टानं विक्री थांबवली नाही, गाडीमागे 25 डॉलर रॉयल्टी लावली. 2007 मध्ये अपील कोर्टानं तो दर पुन्हा तपासायला लावला आणि 2010 मध्ये तडजोड झाली. उल्लंघनासाठी नक्कल केल्याचं सिद्ध करावं लागत नाही. स्वतः डोकं चालवून बनवलेली वस्तूही दुसऱ्याच्या पेटंटच्या दाव्यात बसू शकते. म्हणूनच ‘चोरी’ हा शब्द मला इथे खटकतो.

शिवाय पेटंट कायमचं नसतं. आपल्याकडे अर्जापासून 20 वर्षं.

राहिली दुरुस्ती. कंपनीनं विकलेली गाडी दुरुस्त केल्यानं पेटंटचा भंग होत नाही. त्या पोराला मी एवढंच सांगितलं: नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलला हात लावण्याआधी रीतसर प्रशिक्षण घे, इन्सुलेटेड हातमोजे घाल, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा जोड तोडणारा) काढून मॅन्युअलमध्ये दिलाय तितका वेळ थांब. आणि गाडीवाल्याला परत फोन कर.