खुलासा : बुर्किना फासोची ज्वारी नुसत्या शेततळ्याने तिप्पट झाली नाही

‘आफ्रिकेत शेतकऱ्यांनी शेततळी खणली आणि कोरडवाहू ज्वारी तिप्पट झाली, खताचा दाणाही न टाकता’ असा मजकूर शेतीच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तिप्पट खरं, बाकीचं नाही.

१९९८ ते २००० या तीन हंगामांत बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाच्या उत्तर भागात, उथळ आणि पाणी न धरणाऱ्या जमिनीवर तळ्याचं पाणी आणि खत देऊन हे प्रयोग झाले. पाणीही नाही, खतही नाही, अशा ज्वारीला हेक्टरी सरासरी ४५५ किलो दाणा मिळाला. फक्त पाणी दिलं तर ७१२. फक्त खत दिलं तर ९७५, म्हणजे पाण्यापेक्षा खताचाच हात मोठा! दोन्ही मिळून १४०३. मेसेजवाल्यांनी हा शेवटचा आकडा उचलला आणि खत गाळलं.

दुसरी गोष्ट, हे बारमाही ओलित नव्हे. आपल्याकडे ज्याला संरक्षित पाणी म्हणतात तेच. पावसाने ऐन वाढीत किंवा दाणे भरताना ओढ दिली की पाणी द्यायचं. हंगामात सारं मिळून ६० ते ९० मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हेक्टरला ते ६ ते ९ लाख लिटर होतं. त्यात तळ्यातून झिरपणारं आणि उन्हाने उडणारं पाणी धरलेलंच नाही. अस्तर नसेल तर उघडीप येईपर्यंत तळ्यात किती उरेल, हे शेततळं असलेल्याला विचारा.