जबडा दाखव, राजा!

चतुराची अळी शिकार धरते ती खालच्या ओठाने. हा ओठ हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो. तो बाहेर फेकायचा, टोकाचे आकडे भक्ष्यात रुतवायचे आणि पुन्हा मिटायचा, याला सेकंदाचे काही शतांश पुरतात. माझ्या कॅमेऱ्याला फोकस धरायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि मला डोळे मिचकावायलासुद्धा. एवढं गणित येत असूनही या ओठाचा, म्हणजे तिच्या जबड्याचा, फोटो मिळावा म्हणून मी अख्खा श्रावण हॉलमधल्या टँकसमोर काढला.

टँकमध्ये पूर्वी मासे होते. आईच्या मते ते निदान पाहुण्यांना दाखवता तरी यायचे. ही अळी दिसायला पाण्यात पडलेल्या जळक्या भज्यासारखी, वर पाठीवर शेवाळ. पण हिचे कल्ले गुदाशयात असतात, मागून पाणी आत घेऊन ही श्वास घेते आणि घाबरली की तेच पाणी जोरात मागे सोडून रॉकेटसारखी सुटते, हे मी कौतुकाने सांगायला गेलो. आईने ताटातली कढी बाजूला सारली. "अरे, जेवताना हेच बोलायचं का?"

ही अळी पँटाला फ्लॅव्हेसेन्स जातीची असावी; पावसाळी डबक्यांतून ती महिना-दोन महिन्यांत वाढते. याच जातीचे चतुर भारतातून मालदीवमार्गे थेट पूर्व आफ्रिकेला जात असावेत, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. समुद्र ओलांडणाऱ्यांच्या घराण्यातली ही बया माझ्या टँकमध्ये मात्र सावलीतून उजेडात यायला तयार नव्हती.

खरा वैरी अळी नव्हे, काच. ऑटोफोकसला अळीत काडीचा रस नाही. त्याला आवडतात काचेवरचे क्षारांचे डाग, ओरखडे आणि आईने पुसताना ठेवलेला फडक्याचा एक धागा. डाग घासले, तर पुढच्या फोटोत बनियन घातलेला मी. लेन्स काचेला सरळ टेकवली की प्रतिबिंब जातं; जरा तिरकी धरली, की अळीच्या कडा फिसकटतात. इतक्या जवळून फोटोत जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचाच भाग स्पष्ट येतो, म्हणजे डोळा साधला तर पाय गेले. म्हणून टँकमध्ये आणखी एक काच उभी केली, अळीला दोन काचांच्या फटीत आणलं. तिने शांतपणे माझ्याकडे पाठ केली. त्या बाजूने जे दिसतं, त्याचे माझ्याकडे उत्कृष्ट फोटो आहेत.

मग बुडबुडे. नळाच्या ताज्या पाण्यातली हवा काचेवर आणि अळीच्या केसांवर मोती होऊन बसते. उपाय एकच, पाणी उकळून गार करून वापरायचं. मी पातेलं गॅसवर ठेवलं तेव्हा बायको दारात उभी होती. "मागच्या महिन्यात मला ताप होता, तेव्हा कुठे गेला होता हा उत्साह?"

जबडा हवा असेल तर खाद्य हवं. त्यासाठी बाल्कनीत जाळी बांधलेली बादली ठेवली आणि तिच्यात डासांच्या अळ्या. ऐन डेंगीच्या दिवसांत. साहजिकच महापालिकेच्या ताई टॉर्च घेऊन आल्या.

"हे काय आहे, दादा?"

"खाद्य आहे, ताई."

ताईंनी वाकून पाहिलं. अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला तिरक्या लटकल्या होत्या. "डेंगीवाला एडिस आहे. मलेरियावाल्या ॲनोफिलीसच्या आडव्या पडतात. आठ-दहा दिवसांत यांचे डास होतात, माहितीय ना?"

मी जाळीकडे बोट दाखवलं. त्यांनी जाळीच्या भोकात आपली करंगळी घालून दाखवली. मग मी त्यांना टँककडे नेलं, म्हटलं, हा बघा डासांचा नैसर्गिक शत्रू. चमच्याने डासाची एक अळी आत सोडली. कॅमेरा उचलायला मी वळलो आणि मागून ताई ओरडल्या, "अगं बाई! गिळलं की हो!"

"जबडा दिसला तुम्हाला?"

"केवढा बाहेर आला! परत करायला लावा ना."

अळीचं पोट भरलं होतं. ताईंनी बादली बाल्कनीतल्या कुंड्यांत ओतली, पण ओतण्याआधी नियमाप्रमाणे मोबाईलवर तिचा एक फोटो काढला. सेक्रेटरींनी तो संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली आमचा फ्लॅट नंबर. मी मोठा करून पाहिला. काय फोटो होता! एकेक अळी मोजून घ्यावी, शेपटीकडची श्वासनळीसुद्धा स्वच्छ. बादलीला काच नसते ना.