एनिग्मा फुटल्याचं खापर ऑपरेटरच्या माथी नको

दुसऱ्या महायुद्धात जर्मन ज्यावर फिरत्या चक्रांनी आपले संदेश सांकेतिक करायचे, त्या एनिग्मा यंत्राबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. यंत्र अभेद्य होतं, त्याच्या मांडण्या १५९ वर अठरा शून्यं इतक्या होत्या. पण ऑपरेटर आळशी निघाले, मैत्रिणीच्या नावाची किल्ली (चक्रं कुठून सुरू करायची ते ठरवणारी अक्षरं) लावायचे, रोज तेच शब्द पाठवायचे, म्हणून ते फुटलं. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो, असं त्याचं तात्पर्य. संगणकाच्या क्षेत्रातली माणसंही यावर माना डोलावतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘यंत्र अभेद्य होतं.’ नव्हतं. एनिग्मातली वीज चक्रांतून जाऊन परावर्तकावरून माघारी यायची. त्यामुळे कुठलंही अक्षर सांकेतिक रूपात तेच अक्षर म्हणून उमटू शकत नसे. ए दाबलं की ए सोडून दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागणार, हे ठरलेलं. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेतभेद केंद्रात मेविस लीव्हर या विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलीपुढे इटालियन नौदलाचा एक संदेश आला. त्यात एल हे अक्षर एकदाही नव्हतं. तिच्या लगेच लक्षात आलं की चाचणीचा संदेश पाठवायला बसवलेला कोणीतरी नुसतं एल दाबत राहिला आहे. एवढा सलग मजकूर आयता मिळाल्यावर चक्रांच्या आतली जोडणी उलगडायला मोठीच मदत झाली. तो माणूस कंटाळला होता, कबूल. पण एलचं एल होऊ शकलं असतं, तर त्याचा कंटाळा त्या कागदावर दिसलाच नसता.

‘ऑपरेटरांनी नियम पाळले नाहीत.’ पोलंडचे गणिती मारियन रेयेव्स्की यांनी १९३२ च्या डिसेंबरात लष्करी एनिग्मा उलगडलं, ते मुख्यतः नियम पाळले गेले म्हणून. हान्स-थिलो श्मिट या जर्मनाने फ्रेंचांना विकलेले कागद त्यांच्या हाती होते. नियम असा होता: तीन अक्षरी किल्ली लागोपाठ दोनदा टाइप करायची आणि ती सहा अक्षरं संदेशाच्या सुरुवातीला पाठवायची, म्हणजे रेडिओवर एखादं अक्षर हुकलं तरी दुसऱ्यांदा मिळेल. साहजिकच पहिलं आणि चौथं, दुसरं आणि पाचवं, तिसरं आणि सहावं अक्षर एकाच मूळ अक्षराची दोन रूपं झाली. दिवसभराचे संदेश गोळा केले की त्यांतलं नातं गणिताने पकडता येई. एएए सारख्या सोप्या किल्ल्यांनीही रेयेव्स्कींना हात दिला. पण दार उघडलं ते वरून आलेल्या नियमाने, आणि काटेकोर ऑपरेटरही ते रोज उघडत होता. हा नियम मे १९४० मध्ये रद्द झाला. त्यानंतरचे काही महिने मात्र ब्रिटिशांना खरोखर ऑपरेटरांच्या आळसानेच तारलं.

‘रोज तेच शब्द.’ हवामानाचे अहवाल ठरावीक साच्यात जायचे, आणि साचा ऑपरेटरने पाडलेला नव्हता. संदेशात असणार असा तर्क केलेला मजकूर सांकेतिक संदेशाखाली सरकवून पाहायचा, वरखाली तेच अक्षर आलं की ती जागा बाद. पुन्हा परावर्तकच नडला.

निव्वळ माणसाची चूक हवी असेल तर लोरेन्झ या दुसऱ्या जर्मन संकेतयंत्राची घ्या. ३० ऑगस्ट १९४१ ला सुमारे ४००० अक्षरांचा संदेश त्याच मांडणीवर दुसऱ्यांदा पाठवला गेला, तोही काही शब्द संक्षिप्त करून. त्यावरून जॉन टिल्टमन यांनी दोन्ही मजकूर सोडवले आणि बिल टट यांनी यंत्र न पाहता त्याची रचना शोधून काढली.

सगळा दोष माणसावर टाकण्यात खरा धोका आहे, तो जर्मन नौदलाला भोवला. पाणबुड्या बुडू लागल्यावर पाणबुडी दलाचे प्रमुख ॲडमिरल ड्योनित्झ यांना शंका आली, चौकश्या झाल्या, आणि संकेतयंत्र सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळाला. शोध घेतला गेला तो हेरांचा. १९४२ मध्ये पाणबुड्यांच्या यंत्रात चौथं चक्र आलं, ब्रिटिश जवळजवळ दहा महिने आंधळे झाले; पण अक्षर स्वतःत न बदलण्याचा दोष तसाच राहिला.

आजही हेच चालतं. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं, कारण लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. तरी कित्येक कचेऱ्यांत ती सक्ती कायम आहे, आणि खातं फुटलं की नोटीस जाते ती लिपिकाला.