दोनशे युनिट मोफत की घरटी भरपाई? चंद्रपूरविषयीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यातील घरगुती ग्राहकांना दरमहा २०० युनिट वीज मोफत मिळावी, या जुन्या मागणीशी असहमती दाखवणारा माझा लेख वाचून आपण सविस्तर आणि बरेच रागावून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. कोळसा आमच्या जमिनीखालचा, पाणी इरई धरणाचे, राख आमच्या छातीत आणि वीज मात्र मुंबईला, अशी स्थिती असताना २०० युनिट मागणे ही भीक नव्हे, हक्काची भरपाई आहे, हा आपला पहिला मुद्दा. ज्या गावची डीपी (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) एप्रिलमध्ये जळाल्यावर आठवडाभराहून अधिक काळ अंधार होता, त्या गावाला कार्बन उत्सर्जनाचे पाठ देणे हा शहरी उद्दामपणा आहे, हा दुसरा. आणि कवेलूच्या (मातीच्या कौलांच्या) घरात राहणाऱ्याला छतावर सौर पॅनेल बसवण्याचा सल्ला देणे ही थट्टा आहे, हा तिसरा. शेवटी आपण मला या मागणीसाठीच्या मोर्चाला येण्याचे आव्हान दिले आहे. त्याचे उत्तर मी शेवटीच देतो.

भरपाई हा हक्क आहे, याविषयी आपल्यात मतभेद नाही आणि मूळ लेखातही नव्हता. तो हक्क किती मोठा आहे हे आपल्या प्रतिक्रियेत पुरेसे उतरलेले नाही, म्हणून आधी त्याचेच माप घेऊ. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाल्यानंतर चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. हे केंद्र सरासरी साठ टक्के क्षमतेने चालते असे धरले, तर एका दिवसाची निर्मिती सव्वाचार कोटी युनिटांच्या घरात जाते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने पाच लाख घरे. प्रत्येक घर महिन्याला १०० युनिट वापरते असे मानले तरी सगळ्या जिल्ह्याच्या घरांची महिन्याची गरज हे केंद्र दीड दिवसाच्या आत भागवते. उरलेले अठ्ठावीस दिवस ते दुसऱ्यांसाठी जळते आणि त्यासाठी रोज सुमारे तीस हजार टन कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असल्यामुळे रोजची राखच दहा हजार टनांच्या आसपास निघते, आणि ती राहते इथेच.

वीज मात्र जाते, आणि तीही अशा वाटेने की वाटेवरच्या गावाला तिला हात लावता येत नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची उच्चदाब एकदिश (डीसी) वाहिनी ७५२ किलोमीटर लांबीची आहे आणि एकावेळी १५०० मेगावॅट वीज भिवंडीजवळ नेऊन सोडते. एकदिश प्रवाहाच्या वाहिनीला मध्येच सहजासहजी फांदी काढता येत नाही. दोन्ही टोकांना परिवर्तन केंद्रे असतात आणि मधले सगळे नुसते मनोरे. आपल्या गावाजवळून गेलेल्या मनोऱ्यांचा उल्लेख आपण कडवटपणे केला आहे. ते मनोरे या वाहिनीचे असोत वा दुसऱ्या एखाद्या अतिउच्चदाब वाहिनीचे, गावातल्या दिव्याशी त्यांचा थेट संबंध नाही. तो संबंध ३३ किलोव्होल्टच्या उपकेंद्राशी, तिथून निघालेल्या ११ किलोव्होल्टच्या वाहिनीशी म्हणजे फीडरशी आणि गावातल्या डीपीशी आहे. ही गोष्ट लक्षात राहू द्या, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच तारेवर उभा आहे.

आता २०० युनिटांकडे येऊ. मूल तालुक्यातल्या माझ्या मावशीचे उन्हाळ्यातले एक बिल समोर ठेवून लिहितो. दोन खोल्या, दोन पंखे, एक छोटा फ्रीज, चार एलईडी दिवे आणि मे महिन्यात पारा शेहेचाळिसाच्या वर गेल्यावर रात्रीपुरता कूलर. वापर १४० युनिट. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकाने पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे ऊर्जा आकार आणि १ रुपया १७ पैसे वहन आकार धरून प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे पडत होते. एकशे एकाव्या युनिटापासून ऊर्जा आकारच १० रुपये २९ पैसे होत असे आणि वहन आकारासह ११ रुपये ४६ पैसे, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क धरले, तर पहिल्या १०० युनिटांना ६८२ रुपये आणि पुढच्या अवघ्या ४० युनिटांना सुमारे ५३० रुपये. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वेगळे. तेच घर डिसेंबरात ६० युनिट वापरते तेव्हा त्या दरांनी बिल साडेपाचशेच्या आसपास येत असे.

त्याच दरांनी या घराला २०० युनिट मोफत मिळाले तर हिवाळ्यात चारशे आणि उन्हाळ्यात बाराशे रुपयांचा लाभ होईल. शेजारच्या पक्क्या बंगल्यात वातानुकूलन यंत्र आहे आणि वापर बारमाही दोनशेच्या वर आहे, त्या घराला दरमहा दोन हजारांचा. आणि ज्या घरात एक दिवा नि एक पंखा आहे, महिन्याला जेमतेम २५ युनिट जळतात, त्याला दीडशे-पावणेदोनशे रुपयांचा. राख मात्र तिन्ही घरांच्या छपरांवर सारखीच बसते. उलट कवेलूच्या फटीतून ती आत जास्त येते. भरपाई नुकसानीच्या प्रमाणात द्यायची असते. युनिटावर दिलेली सवलत ती वापराच्या प्रमाणात देते, म्हणजे ज्याच्याकडे आधीच जास्त उपकरणे आहेत त्याला जास्त. माझा विरोध एवढ्यालाच आहे. भरपाई घरटी द्या, युनिटावर देऊ नका. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटांपर्यंतचे बिल शून्य आहे, हे उदाहरण आपण दिलेत. तिथे सरकार वितरण कंपन्यांना ती रक्कम स्वतः देते, त्यामुळे ती योजना टिकली आहे हे खरे. पण दिल्ली ही राखेची भरपाई देत नाही, ती वापरावर आधारलेली सर्वसाधारण सवलत आहे. आपली मागणी निराळ्या कारणाची आहे, मग तिचा आराखडा उसना कशासाठी?

मोफत विजेने आपला दुसरा प्रश्न सुटत नाही, आणि खरे तर तोच मोठा आहे. डीपी जळालेल्या दिवसांत मोफत युनिटांची किंमत शून्य असते. डीपी का जळते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, तरी इतरांसाठी सांगतो. ६३ केव्हीए (क्षमतेचे माप) क्षमतेच्या रोहित्रावर कागदोपत्री जितकी जोडणी असते त्यापेक्षा उन्हाळ्यात कितीतरी जास्त भार येतो: कूलर, पाण्याच्या मोटारी आणि चोरून तारेवर टाकलेले काही आकडे. फ्यूज उडाला की वायरमन गावात नसतो, म्हणून कोणीतरी ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून तिथे बसवतो. तो पिळा आता वितळत नाही. वितळते ते रोहित्राच्या आतले वेटोळे. त्याच्या आधीचे कित्येक दिवस दाब १६०-१७० व्होल्टवर घुटमळत असतो, पंखा नुसता रेंगाळतो आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर घुर्र करून बंद पडतो. शेतीपंप आणि गावठाण एकाच फीडरवर असतील तर पंपांच्या पाळीत हा त्रास दुप्पट होतो. वाघ-अस्वलांच्या जंगलालगत रात्रीच्या पाळीने पाणी द्यावे लागणाऱ्या शेतकऱ्याचे हाल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

राज्य वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांनुसार ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून वीजपुरवठा सुरू करणे बंधनकारक आहे आणि विलंबाबद्दल ग्राहकाला ठरावीक भरपाई देय आहे. आपल्या गावाने ती मागितली का? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. ज्या दिवशी तक्रार नोंदवली त्या दिवसाचा तक्रार क्रमांक असेल, तर त्या भरपाईसाठी लेखी अर्ज करता येतो, आणि दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येईल. मोफत युनिटांची वाट पाहण्याआधी जो हक्क नियमात लिहिलेलाच आहे तो वसूल करणे मला जास्त व्यवहार्य वाटते.

उत्सर्जनाविषयी आपला राग मात्र चुकीच्या माणसावर निघाला आहे. गावातल्या घरावर मी कोणताही ठपका ठेवलेला नाही. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर १०० युनिट वापरणाऱ्या घराच्या नावावर महिन्याला ७० किलो लागतात. जिल्ह्याच्या हद्दीत जो प्रचंड आकडा दिसतो तो चिमणीच्या जागेवरून काढलेला आहे. वीज जिथे जळते तिथे तो मांडला, तर त्याचा फार मोठा भाग भिवंडी, ठाणे, पुणे आणि औद्योगिक पट्ट्यांच्या खात्यावर जाईल. चंद्रपूरच्या वाट्याला त्यातला हवामानाचा भाग येतो तो जगाइतकाच. जादा येते ती राख, धूळ आणि गंधकाचे वायू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित क्षेत्र ठरले होते, त्यात या गोष्टींचाही वाटा होता. दोन्ही हिशेब एकत्र केले की ग्रामीण माणसाला उगाच आरोपी झाल्यासारखे वाटते.

गंधकाचा उल्लेख केला आहे तर त्याचा बिलाशी असलेला संबंधही सांगायला हवा, कारण आपल्या प्रतिक्रियेत तो पूर्णपणे निसटला आहे. औष्णिक केंद्रांनी गंधक शोषून घेणारी यंत्रणा बसवावी, असे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदती एकामागोमाग वाढत गेल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. गंभीर प्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेका प्रकरणाप्रमाणे घ्यायचा असे ठरले. या यंत्रणेचा खर्च वीजदरात जोडला जातो. म्हणजे चिमणी स्वच्छ केली की राज्यभरच्या ग्राहकाचे बिल युनिटामागे काही पैशांनी वाढते, आणि नाही केली की ते पैसे वाचतात नि त्यांची किंमत केंद्राच्या परिसरातल्या दुर्गापूर, पडोली, ऊर्जानगरच्या फुप्फुसांतून वसूल होते. स्वस्त वीज नावाची जी चीज सगळा महाराष्ट्र वापरतो तिचा एक हिस्सा असा बिलाबाहेर भरला जातो. मोर्चाच्या निवेदनात २०० युनिटांच्या जोडीला या यंत्रणेची मागणी आहे का, हे मी पाहिले. ती नाही. मला त्याचे आश्चर्य वाटते.

आता कवेलू. आपले बरोबर आहे की कवेलूच्या छपरावर पॅनेल बसवणे अवघड आहे, आणि आपण न मांडलेली एक अडचण मीच जोडतो: विजेच्या जाळ्याशी (ग्रिडशी) जोडलेले सौर संयंत्र वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होते, त्यामुळे बॅटरीशिवाय ते अंधारावरचा इलाज नाही. मूळ लेखात मी छताचा सल्ला पक्क्या घरांपुरता दिला होता. अशा घरांना केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून एका किलोवॅटला ३०,००० आणि दोनला ६०,००० रुपये अनुदान मिळते, आणि एक किलोवॅटचे संयंत्र महिन्याला १०० ते १२० युनिट देते. कवेलूच्या घरासाठी मी पंखा सुचवला होता, तो आपण वाचला नसावा. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटारीचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. दोन पंखे रोज पंधरा तास चालले तर महिन्याला ४० युनिट वाचतात, म्हणजे मावशीच्या मे महिन्यातल्या बिलातले नेमके ते महागडे ४० युनिट. शिवाय हा पंखा कमी दाबावरही वेग सोडत नाही, जे आपल्या गावात जास्त मोलाचे आहे. किंमत नगाला अडीच ते तीन हजार, जी मजुरीवर चालणाऱ्या घराला एकदम झेपणारी नाही. ती भरपाईतून यावी.

भरपाईचे पैसे शोधत फिरण्याचीही गरज नाही. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात कोळसा खाणींच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम दरवर्षी जमा होते, ती खाणबाधितांसाठीच असते, आणि तिच्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य, पर्यावरण यांच्याबरोबर ऊर्जाही आहे. त्यातून बाधित गावांत घरटी दोन पंखे, ६३ ऐवजी १०० केव्हीएची रोहित्रे आणि गावठाणाचा वेगळा फीडर, एवढे झाले तर त्याचा लाभ सगळ्यात कमी युनिट जाळणाऱ्या घरालाही सारखाच मिळेल आणि एप्रिलचा अंधारही टळेल.

मोर्चाविषयी. निवेदनात २०० युनिटांच्या जागी घरटी समान भरपाई, खनिज निधीतून फीडर व रोहित्रे, आणि ऊर्जानगरच्या चिमण्यांना गंधक शोषण यंत्रणा, या तीन मागण्या आल्या तर त्यावर माझी सही घ्या. मसुदा लिहून हवा असेल तर तोही पाठवतो. नुसत्या २०० युनिटांसाठी मात्र मी येणार नाही.