'चालणारा हीटर बंद करून दिला' या रिव्ह्यूला आमच्या वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. "बीटलचा पेट्रोल हीटर दुरुस्तीला दिला, चार महिने ठेवून घेतला, पैसे घेतले आणि परत देताना पेट्रोलची नळी बंद करून, फ्यूज काढून दिला. दुसऱ्या मेकॅनिकने अर्ध्या तासात पेटवून दाखवला. कोल्हापुरात हीटर लागतो कुणाला, उगाच बाऊ केला," असं तुम्ही लिहिलंय. जुन्या गाड्या सांभाळणारी बरीच मंडळी हे वाचतील, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. पण आधी एक विनंती. तो हीटर सध्या चालू करत असाल तर आजपासून करू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुमच्या 1965 च्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, गरम पाणी नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपांभोवतीच्या हीटर बॉक्समधून जी गरम हवा येते तीच केबिनमध्ये जाते आणि इंजिन हळू फिरत असलं की तीही जेमतेम येते. म्हणून थंड देशांत या गाड्यांना वेगळा पेट्रोल हीटर जोडून मिळायचा. तुमचा हीटर जर्मनीतल्या एबरश्पेखर कंपनीचा आहे, पुढच्या डिकीत बसवलेला. त्याला स्वतःचा पंखा, स्वतःचा पेट्रोल पुरवठा, पेट्रोल पेटवायला स्वतःचा ग्लो प्लग (विजेवर लाल होणारी तार) आणि धुराची वेगळी नळी असते.

आपल्याकडचा तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत. इथे पाण्याच्या जागी हवा असते, आणि ती हवा थेट तुम्ही बसता तिथे येते. बंब गळला तर लगेच कळतं. हा गळला तर कळत नाही. शिवाय आतली हवा पंख्याने ढकललेली असते, त्यामुळे जळण्याच्या चेंबरला चीर असेल तर धूर बाहेरच्या नळीने जायच्या ऐवजी गरम हवेत मिसळतो.

तुमच्या चेंबरला चीर आहे. वरची काजळी आणि गंज साफ केला तेव्हा पत्रा बरा दिसत होता. मग सगळी तोंडं बंद करून आत अगदी थोडी हवा भरली आणि चेंबर पाण्याच्या टबात बुडवला. धुराची नळी जिथे वेल्ड केलेली आहे त्या शिवणीलगत बारीक बुडबुड्यांची सर लागली. पुसून, आत दिवा धरून अंधारात पाहिलं तर केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. हीटर वर्षानुवर्षं न चालता पडून राहिला की तोच ओलावा आतून पत्रा खातो. टिग वेल्डिंग करता आलं असतं, उद्यमनगरात त्यासाठी उत्तम हात आहेत. पण पत्रा सगळीकडेच झिजलाय. तापून-थंड होऊन वेल्डच्या शेजारी दुसरी चीर पडणार, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि त्या कामावर मी आमचं नाव घालणार नाही.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. पावसाळ्यात आंबोलीला नाहीतर गगनबावड्याला चाललोय, काचा वर आहेत, मागे मुलं बसलीत, अशा वेळी कोणीही म्हणेल की गाडी लागली असेल. तुम्ही म्हणता तसा थंडीसाठी कोल्हापुरात हीटर लागत नाही हे खरं. तो लागतो घाटातल्या धुक्यात, काचेवरचं बाष्प घालवायला, म्हणजे नेमक्या काचा बंद असताना.

चार महिन्यांबद्दल. मोटरचं वाइंडिंग जळालं होतं, ते पुन्हा केलं. हीटरला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा कडक झाला होता. सगळ्यात जास्त वेळ ग्लो प्लगला गेला. गाडी 6 व्होल्टची आणि सहज मिळतो तो प्लग 12 व्होल्टचा. 6 व्होल्टवर त्याला चौथाई ताकद मिळते, तो लाल होत नाही, पेट्रोल नुसतं आत साठत राहतं. म्हणून योग्य प्लग येईपर्यंत थांबलो, आणि हे तेव्हाच फोनवर कळवलं होतं. रबरी नळ्याही बदलल्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं आणि भेगा पडतात. डिकीत पेट्रोलच्या टाकीशेजारी तसली नळी ठेवायची नसते. बिलात एवढ्याच कामांचे पैसे आहेत. चेंबरचा एक रुपयाही लावलेला नाही, आणि "चेंबर गळका, हीटर पेटवू नये" हे जॉब कार्डवर लिहून तुमची सही घेतलेली आहे.

दुसऱ्या मेकॅनिकबद्दल मला काही म्हणायचं नाही. हीटर पेटणार, यात शंका नव्हतीच. मोटर, प्लग, पंप आम्हीच नीट करून दिलेत. पण पेटला म्हणजे दुरुस्त झाला असं होत नाही. त्यांना एवढंच विचारा की ओव्हरहीट स्विच (हीटर फार तापला की तो बंद करणारा) जागेवर आहे की वायर जोडून टाळलाय, आणि बटण बंद केल्यावर पंखा आतली उष्णता जाईपर्यंत फिरत राहतो का.

दसरा चौकात संस्थानची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा अख्खं गाव मान वर करून बघतं. या गावाला जुन्या गाडीचं मोल सांगावं लागत नाही. तुमची बीटलही तशीच जपलेली आहे, म्हणून तर हा विषय मी सोडून देत नाही.

चांगला चेंबर मिळवायचा माझा प्रयत्न चालू आहे. आला की तो तुमच्यासमोर टबात बुडवून दाखवीन, पसंत पडला तरच घ्या. बसवायची मजुरी घेणार नाही. तोवर गाडीचे मूळचे हीटर बॉक्स वापरा, ते आम्ही तपासलेत, शाबूत आहेत. तुमचा जुना चेंबर घेऊन कधीही या, बुडबुडे तुम्हालाच दाखवतो.